रविवारच्या पहाटेची पाहणी

सायकल-मार्गाची पाहणी म्हणजे तो रस्ता रोज वापरणाऱ्याच्या वेळेला, त्याच्याच प्रकारच्या सायकलवरून तपासणे. नाशिकमध्ये सायकलींचे दोन संसार आहेत. पहिला पहाटेचा, गंगापूर रोडने सोमेश्वरकडे किंवा त्र्यंबकच्या दिशेने निघणाऱ्या हेल्मेटधारी मंडळींचा. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, ती या संसाराची अभिमानाची गोष्ट. दुसरा संसार सातपूर आणि अंबडला शिफ्टसाठी जाणाऱ्या कामगारांचा, शाळकरी मुलांचा, दूध-पेपर टाकणाऱ्यांचा. पाहणीला बहुधा पहिल्या संसारातली माणसे जातात. रस्त्याशी खरी गाठ दुसऱ्याची असते.

प्रस्तुत लेखकाची पहिली पाहणी अशीच झाली होती. फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे सहा, गिअरची सायकल, जाड टायर. तासाभरात चार रस्ते फिरून चारही ‘सायकलयोग्य’ ठरले. त्याच वर्षी जुलैत, संध्याकाळी सातला, साध्या सायकलवरून जाताना त्यांपैकीच एका रस्त्यावर मागून आलेल्या बसने कडेला रेटले, पुढचे चाक पावसाळी गटाराच्या जाळीत गेले आणि मनगट मोडले. जाळीचे गज रस्त्याला समांतर होते. फेब्रुवारीत तीच जाळी नजरेखालून गेली होती, पण जाड टायर तिच्यावरून सहज निघाला. जुलैत ती पाण्याखाली होती. पाहणीच्या वहीत तिची नोंद नव्हती.

म्हणून एकाच मार्गाची पाहणी किमान तीनदा करावी लागते: शाळा भरताना, शिफ्ट सुटताना आणि अंधार पडल्यावर. त्यांतली एक तरी पावसात व्हावी. मार्गाचे चौक ते चौक असे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यात टेपने मोकळी रुंदी मोजावी. मोकळी म्हणजे हातगाडी, विजेची डीपी, उभी मोटार आणि झाडाचा पार वजा जाता उरलेली. इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता एका दिशेच्या सायकल ट्रॅकला किमान 2 मीटर सांगते. नकाशावर ते 2 मीटर असतात, संध्याकाळी पाणीपुरीची गाडी लागली की अर्धाच मीटर हाती येतो. गतिरोधकाचेही तसेच. वाहनांच्या रस्त्यावरचा गोलाकार गतिरोधक संहितेप्रमाणे 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असावा. गल्लीतले डांबराचे उंचवटे सायकलस्वाराच्या मणक्याला वेगळाच हिशेब देतात.

तुकडे चांगले असूनही मार्ग वाईट असू शकतो, कारण जोखीम चौकात असते. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका या सुमारे 1.1 किलोमीटरच्या स्मार्ट रोडवर सायकल ट्रॅक आखला गेला, पण दोन्ही टोकांना शहरातले गजबजलेले चौक आहेत. ट्रॅक संपतो तिथेच सायकलस्वाराला जपायची वेळ येते. मुंबई-आग्रा महामार्गाने तर शहर मधोमध चिरले आहे. सिडकोतून इंदिरानगरला जायचे तर बोगदा किंवा मोजके चौक एवढीच वाट, आणि तिथे रिक्षा, दुचाकी, सायकल सगळे एकाच तोंडातून आत शिरतात. अशा ओलांडणीची नोंद पाच किलोमीटरच्या सरळ रस्त्यापेक्षा मोलाची. गर्दीच्या तासाला दोन्ही बाजूंनी किती सायकली गेल्या, किती जण उतरून हातात सायकल धरून गेले, हे मोजावे. उतरणारा माणूस हीच तिथली तक्रार समजावी.

सावलीही नोंदवावी. रस्त्यात आलेली वडा-पिंपळाची झाडे वाहनचालकांना नकोशी असतात, एप्रिलच्या दुपारी सायकलस्वाराला तीच हवी असतात.

सुधारणा मागताना रस्ता कुणाचा, हे आधी शोधावे: महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, एमआयडीसीचा की राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. चुकीच्या दारात दिलेला अर्ज टेबलांवरून फिरत राहतो. ‘खड्डे फार आहेत’ असे लिहून कुणी हलत नाही. जागा, जवळच्या खांबाचा क्रमांक, दोष, उपाय आणि तारखेसह फोटो, एका दोषाला एक ओळ, असा अर्ज प्रभागाच्या अभियंत्याला टाळता येत नाही. मोठ्या कामाची मागणी दिवाळीपूर्वी पोचावी, म्हणजे अंदाजपत्रकाच्या चर्चेत ती धरता येते. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते हाताळले जात असताना जाळ्या वळवणे किंवा चौकात सायकलला जागा आखणे हे खर्चाने किरकोळ काम आहे. ट्रॅकच्या तोंडाशी खांब रोवून दुचाक्या अडतील, ही आशा मात्र धरू नये. दुचाकीचे आणि सायकलचे हँडल रुंदीला जवळपास सारखेच, त्यामुळे खांबांनी मोटारच अडते. आणि ट्रॅकवरचे पार्किंग हटवायला रोजची कारवाई लागते.

काम झाल्यावर पुन्हा टेप घेऊन जावे लागते. लेखकाच्या अर्जानंतर त्या जाळीचे गज आडवे झाले. पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला आणि जाळी चार बोटे खाली खड्ड्यात गेली. पहिल्या पावसात तिथे पुन्हा पाणी साचले. तेव्हा वहीत त्याच जाळीची तिसरी नोंद झाली.