पिवळे बेदाणे आणि धाप

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला दमा आहे. पिवळे बेदाणे खाल्ले की त्याला धाप लागते. ही अ‍ॅलर्जी का?

उत्तर : ताई, संशय द्राक्षावर नको, गंधकावर घ्या. बेदाण्याचा सोनेरी रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्यातून सल्फाइट उरते. ही बहुधा खरी अ‍ॅलर्जी नसते, पण काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिका त्याने आवळतात. म्हणून दुर्लक्ष मुळीच नको. पाकिटामागे सल्फाइटचा, म्हणजे आयएनएस 220 ते 228 यांतला आकडा शोधा. किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असल्यास तसे छापणे बंधनकारक आहे. सुट्या मालावर मात्र काहीच लिहिलेले नसते. तूर्त बेदाणे बंद करा, इन्हेलर जवळ ठेवा आणि डॉक्टरांना लवकर दाखवा.