बाळंतिणीला जपा

वाचकहो, बाळंतपण म्हणजे आजार नव्हे. पुष्कळ बायका सुखरूप बाळंत होतात. पण कोणाच्या वेळी काय अडेल, ते आधी सांगता येत नाही. म्हणून धोक्याच्या खुणा घरातल्या सर्वांना ठाऊक हव्यात. "हे बायकांचं काम" असे म्हणून पुरुषांनी हा धडा बाजूला ठेवू नये.

आधी आम्ही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो.

एका घरची गोष्ट

सन १९८६. आम्ही तेव्हा एका लहान गावी शाळेवर होतो. शेजारी एक शेतकरी राहत असे. श्रावणात एके दिवशी सकाळी सहाच्या सुमारास त्याची बायको घरीच बाळंत झाली. मुलगा झाला. दारोदार साखर वाटली. आम्हीही साखर खाल्ली.

आत सुईणीने एक कापड बदलले. थोड्या वेळाने दुसरे बदलले. मग तिसरे. सासूबाई म्हणाल्या, "घाण हाय ती, जाऊ द्या. अंग मोकळं होतं." बाळंतीण पाणी पाणी करू लागली. तिचे हातपाय गार पडले. तेव्हा नवरा म्हणाला, "आबा शेतावरनं येऊ देत, मग ठरवू." आबा आले. मग पैशांची जुळवाजुळव झाली. मग बैल आणले. गाडी जुंपली तेव्हा दहा वाजून गेले होते. तालुक्याचा दवाखाना दोन तासांच्या वाटेवर होता. बाई वाटेतच गेली. बाळ मागे राहिले.

आम्ही शिकलेले होतो. सकाळभर त्या दारात उभे होतो. पण आम्हालाही कळले नाही. ती गोष्ट अजून मनाला लागते. वाट दोन तासांची होती, पण निघायलाच चार तास लागले.

रक्त का थांबत नाही?

गर्भाशयाच्या आत वार चिकटलेली असते. वार सुटली की तिथल्या शिरा उघड्या पडतात. गर्भाशय मुठीसारखे आवळले की त्या शिरा दाबल्या जातात व रक्त थांबते. गर्भाशय ढिले राहिले तर रक्त वाहतच राहते. वारेचा तुकडा आत राहिला, किंवा आत जखम झाली, तरीही असेच होते.

बाळंतपणानंतर थोडे रक्त जातेच. पण ते कमी कमी होत गेले पाहिजे. अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गेले तर धोका आहे. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला त्याहून थोडेही सोसत नाही. फार रक्त जाऊ लागले तर दोन तासांतही बाई दगावते. ही घाण नव्हे. हे तिच्या जिवाचे रक्त आहे.

काय पाहावे?

भिजलेली कापडे फेकू नका, मोजा. तासाभरात एक जाड घडी चिंब झाली, रक्ताच्या मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली, अंग गार पडले किंवा छाती धडधडू लागली, की लगेच निघा. बाळ झाल्यावर अर्ध्या तासात वार पडली नाही तरी निघा. असे रक्त पुढे सव्वा महिन्यापर्यंत केव्हाही जाऊ शकते.

गाडी येईपर्यंत काय करावे?

१. तिला आडवी निजवा. पाय थोडे उंच ठेवा. अंगावर पांघरूण घाला.
२. तिला लघवी करायला लावा. पण उठवून चालवू नका.
३. बाळाला छातीशी लावा. बाळ ओढू लागले की गर्भाशय आवळते.
४. वार पडली असेल तर बेंबीखाली हात ठेवून पाहा. चेंडूसारखे कठीण लागले तर ठीक. मऊ लागले तर कठीण होईपर्यंत गोल गोल चोळा.
५. नाळ ओढू नका. आत हात किंवा कापड घालू नका.

एवढ्याने निभावले असे समजू नका. दवाखान्यात गर्भाशय आवळण्याची सुई देतात, लागले तर रक्त चढवतात. ते घरी होत नाही.

आणखी धोक्याच्या खुणा

– गरोदरपणी अंगावरून रक्त जाणे, थोडेसुद्धा.
– डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंड व हात सुजणे. हा रक्तदाब असतो. पुढे आकडी येते. आकडी ही बाहेरची बाधा नव्हे. बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि तडक दवाखाना गाठा.
– पाळी चुकल्यावर एक-दोन महिन्यांत ओटीपोटात भयंकर दुखणे व भोवळ येणे. गर्भ नळीत राहून नळी फुटली असेल.
– पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणे.
– कळा नसता पाणी जाणे.
– कळा लागून बारा तास झाले तरी बाळंत न होणे.
– बाळंतपणानंतर ताप येणे, अंगावरून घाण वासाचे जाणे.

यातली एकही खुण दिसली तर उद्यावर ढकलू नये.

आधीची तयारी

बाळंतपण दवाखान्यातच करावे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, रक्त आणि ने-आण यांना पैसे पडत नाहीत. ही सोय २०११ पासून आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. तिथे रक्तदाब व रक्त तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या रोज घ्याव्यात.

गाडीसाठी १०८ किंवा १०२ वर फोन करावा. आता तुम्हांला आकडे लिहिता येतात. तेव्हा हे दोन आकडे आजच दाराच्या आत खडूने लिहा. खाली आशाताईंचा नंबर लिहा. गाडी न आली तर कोणाची गाडी न्यायची, तेही आधी ठरवा.

आणि शेवटची गोष्ट. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सातव्या महिन्यातच सर्वांसमोर सांगून ठेवावे : "आम्ही घरी असू वा नसू, खुण दिसली की निघा. विचारायला थांबू नका." आमच्या शेजारच्या आबांनी एवढे आधी सांगितले असते, तर गाडी चार तास आधी निघाली असती.

प्रश्न

१. वार सुटल्यावर रक्त कशाने थांबते?
२. गाडी येईपर्यंत कोणत्या गोष्टी कराल? कोणत्या करणार नाही?
३. गोष्टीतल्या घरी वेळ कुठे कुठे गेला? मोजून सांगा.
४. तुमच्या घरापासून दवाखाना किती दूर आहे? वहीत लिहा.