गाव कोणते? : हंगामी स्थलांतर आणि किशोरवय

मराठी माणूस अनोळखी माणसाला भेटला की नावाच्या आधी गाव विचारतो. एस. टी.त शेजारी बसलेली म्हातारी असो की महाविद्यालयाच्या कार्यालयातील लिपिक, पहिला प्रश्न ठरलेला : "गाव कोणतं?" आपली आडनावेही हेच सांगतात. गावाच्या नावाला 'कर' लागून किती आडनावे झाली! पण थोडा विचार केला तर यात एक गंमत आहे. अंबडात राहणाऱ्याला अंबडात कोणी अंबडकर म्हणत नाही. तो दुसरीकडे राहायला गेला, की तिथले लोक त्याला अंबडकर म्हणू लागतात. म्हणजे गावाचे नाव माणसाला चिकटते ते गाव सुटल्यावर! मग ज्या मुलांचे गाव दरवर्षी सुटते आणि दरवर्षी परत मिळते, त्यांनी या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

समाजशास्त्राच्या तासाला 'स्थलांतर' हा घटक चालू असताना सरांनी फळ्यावर दोन रकाने पाडले. एकीकडे माणसाला गावातून ढकलणारी कारणे, दुसरीकडे बाहेर ओढून नेणारी. दुष्काळ, कर्ज, कोरडवाहू जमीन डावीकडे. मजुरी, उचल, हाताला काम उजवीकडे. मी ते वहीत उतरून घेतले. तास संपल्यावर मात्र सरांना विचारले, की आई-वडिलांमागे जे तेरा-चौदा वर्षांचे मूल जाते त्याचा रकाना कोणता? सर हसले व म्हणाले, "तो तू लिही." म्हणून हा लेखनप्रपंच. यात अभ्यास थोडा व अनुभव जास्त आहे, हे आधीच कबूल करते.

माझे आई-वडील ऊस तोडतात. आमचे गाव याच तालुक्यात, कोरडवाहू भागात. प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. त्यानंतर महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले आणि ऊस तोडायला मराठवाड्यातल्या व नगर जिल्ह्यातल्या कोरड्या तालुक्यांतून माणसे जाऊ लागली. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीत किती माणसे आहेत हे कोणी विचारत नाही, किती कोयते आहेत हे विचारतात. या हिशेबात मूल कोठेच धरलेले नसते. काम मात्र त्याला असते. पहाटे माय-बापू फडात गेले की कोपी झाडणे, पाणी आणणे, धाकट्याला सांभाळणे आणि पुढे हात मोठे झाले की मोळ्या बांधणे, हे सर्व मी केले आहे.

पहिली ते आठवी या काळात मी चार शाळा पाहिल्या आणि त्याशिवाय एक साखरशाळा. साखरशाळेत सर्व इयत्ता एकाच खोलीत बसत. तिथल्या बाई प्रेमळ होत्या, पण ती शाळाही आमच्यासारखीच होती. हंगाम संपला की उठून जायची. नेहमीच्या शाळेत निराळीच अडचण. कोल्हापूरकडच्या एका शाळेत आधी दाखला आणा म्हणून मला दीड महिना वऱ्हांड्यात बसवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळा बदलण्याचा हक्क दिलेला आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हे मला आता बी. ए.ला वाचून कळले. तेव्हा मी वऱ्हांड्यात बसून आतल्या मुलांबरोबर पाढे म्हणत असे.

भाषेचीही एक गोष्ट सांगते. कोल्हापूरकडे बायका-मुलीही 'मी येतो', 'मी जातो' असे बोलतात. पहिल्या वर्षी मी 'मी येते' म्हटले की वर्ग हसायचा. तिसऱ्या हंगामापर्यंत माझ्या जिभेला 'येतो' ची सवय झाली आणि वर्ग हसायचा थांबला. मला फार आनंद झाला. मग एप्रिलमध्ये आम्ही गावी परतलो, मी चुलत बहिणीला म्हटले, "थांब, मी पण येतो," आणि सगळी गल्ली हसली. त्यानंतर पुष्कळ दिवस मी बोलण्याआधी मनात एकदा वाक्य म्हणून पाहत असे. इथे कोणते चालते?

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने किशोरवयाचा मुख्य प्रश्न 'मी कोण?' हा आहे असे मांडले. बारा ते अठरा या वयात मुलाला स्वतःची ओळख घडवायची असते आणि ती न घडल्यास त्याचा गोंधळ उडतो, असे त्याच्या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आले आहे. एरिक्सनला स्वतःचा जन्मदाता ठाऊक नव्हता. ज्यूंच्या मंदिरात त्याच्या गोऱ्या, उंच रूपावरून मुले त्याला चिडवत आणि शाळेत ज्यू म्हणून चिडवत. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्याने आडनावसुद्धा नवे घेतले. वर्गात हे ऐकताना मला 'येते' आणि 'येतो' आठवले. पण एरिक्सनच्या मांडणीत मला एक उणीव वाटते, आणि विद्यार्थिनीने असे म्हणणे धाडसाचे असले तरी म्हणते. 'मी कोण?' हा प्रश्न पोट भरलेल्या मुलाला आधी पडत असेल. आम्हाला आधी पडे तो 'मी कोणाच्या मोजणीत आहे?' हा.

या विषयावर मराठीत लिहिले गेले आहे ते अनुभवातून. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले व त्याला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजातले, गाढवांवर बिऱ्हाड लादून टोपल्या विणत गावोगाव फिरणारे कुटुंब आणि त्यातला शाळेत जाऊ पाहणारा मुलगा. गाव त्याला आपला मानत नाही, आणि शिकल्यामुळे तो स्वतःच्या जमातीतही परका होऊ लागतो. हे पुस्तक मी दोन रात्रींत वाचले. वाचताना पुष्कळ ठिकाणी आपलीच गोष्ट वाटली, पण एक फरकही जाणवला आणि तो अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भटक्याला गाव नसते. आम्हाला गाव असते, घर असते, मतदार यादीत नाव असते. फक्त त्या घराला सहा महिने कुलूप असते. भटक्याला गाव 'नाही' म्हणते. आम्हाला गाव काहीच म्हणत नाही. आपण गेलो हे कोणाच्या लक्षात येत नाही आणि परत आलो हेही नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. निदान त्याचे सगळे त्याच्यापाशी असते!

घरातून लहानपणी बाहेर पडलेल्या मुलाची दुसरी कथा तर आपल्या भागातच घडली. जांब हे गाव पूर्वी अंबड तालुक्यात होते, आता घनसावंगी तालुक्यात आहे. १६०८ साली तिथे जन्मलेला नारायण बाराव्या वर्षी लग्नाच्या मंडपात 'सावधान' हा शब्द ऐकून पळाला, टाकळीला गेला, देशभर फिरला आणि पुढे कृष्णाकाठी समर्थ रामदास म्हणून स्थिरावला, असे परंपरा सांगते. बऱ्याच वर्षांनी तो आईच्या दारात भिक्षा मागायला उभा राहिला तेव्हा दृष्टी गेलेल्या राणूबाईंनी त्याला ओळखले, हेही आम्ही शाळेत ऐकले. गोष्ट ऐकताना मुलांना तो पळाला याचे कौतुक वाटे. मला प्रश्न पडे, की मंडपात उभी राहिलेली ती मुलगी कोठे गेली?

हा प्रश्न नुसता कल्पनेतला नव्हता. २०१९ च्या उन्हाळ्यात मी आठवी पास झाले आणि घरात माझ्या लग्नाचे बोलणे निघाले. मला चौदावे चालू होते. आई-वडिलांना दोष देणे सोपे आहे. मी देत नाही. वयात आलेली मुलगी उघड्या माळावरच्या कोपीत एकटी ठेवायची कशी? गावी ठेवायची तर कोणापाशी? आजी त्या आधीच्या वर्षी वारली होती. लग्न करून दिले की नवरा-बायकोचा नवा कोयता होतो, उचल मिळते आणि जबाबदारी संपते, असा सरळ हिशेब. कायद्याने अठराच्या आत लग्न होत नाही हे बापूंनाही माहीत होते. पण अठराच्या आत मुलीने राहायचे कोठे, हे कायदा सांगत नव्हता. शिक्षण हक्काचा कायदासुद्धा सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे नेमका जिथे मुलीचा प्रश्न सुरू होतो तिथे तो थांबतो. गावातल्या शाळेच्या बाई घरी आल्या, अंबडच्या एका मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज त्यांनी स्वतः भरला. आई म्हणाली, "दोन हंगाम थांबून बघू." त्या 'बघू' वर मी आज तृतीय वर्षाला आहे.

वसतिगृहात आले म्हणजे प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. मला पेटी दिली होती, तरी पुष्कळ दिवस मी कपडे पिशवीतच ठेवत असे. कोणी विचारले तर म्हणे, बरे पडते. खरे कारण असे, की सामान काढले की पुन्हा भरावे लागते, हे अंगात मुरले होते. नंतर आलेल्या कितीतरी मुलींत मी ही खूण पाहिली आहे. त्या भांडत नाहीत, मागून घेत नाहीत, दाराजवळची जागा धरतात. शिक्षकांना अशी मुलगी शहाणी वाटते. ती शहाणी नसते, ती पाहुणी असते.

डिसेंबरमधला एक रविवार. गावाकडची शेवटची टोळीही निघून गेली होती. मी कोणाला न सांगता मत्स्योदरीच्या टेकडीवर गेले. माशाच्या आकाराची म्हणून ती मत्स्योदरी. देवीचे दर्शन घेऊन पायऱ्यांवर बसले ती अंधार पडेपर्यंत. खाली गावातले दिवे लागले, पण त्यातला एकही दिवा ओळखीचा नव्हता. वसतिगृहात परतले तेव्हा फाटकाशी स्वयंपाकाच्या मावशी कंदिलासारखा टॉर्च वर धरून उभ्या. जवळ गेले तशा कडाडल्या, "कुठं उलथली होतीस गं? भाकरी मोजून थापते मी! दोन उरल्या तर कोणाच्या म्हणायच्या?" त्यांनी मला पुष्कळ बोलून घेतले. मला राग यायला हवा होता. पण मी ताटावर बसले आणि त्या दोन भाकरी खाताना रडू आवरेना. याआधी मी एखाद्या ठिकाणी नाही म्हणून कोणाचे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी रिकामी केली.

आणि लगेच कसोटी लागली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, वसतिगृह रिकामे करायचा आदेश आला. मुली पालकांबरोबर गेल्या. माझे पालक कारखान्यावर अडकलेले. ऊसतोड मजुरांना गावी परतण्याची परवानगी सरकारने एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात दिली, तोवर ते कोपीतच होते. आमच्या गावाने वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या; माझ्या घराला कुलूप आणि किल्ली आईच्या कमरेला. मावशी म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर, त्यात काय एवढं?" त्यांचे घर दोन खोल्यांचे, माणसे पाच. शेजारणीने दारातून विचारले, "ही कोण?" मावशींनी पीठ मळता मळता सांगितले, "आमच्या वसतिगृहाची." माझे नाव नाही, गाव नाही, जात नाही. मी सव्वा महिना तिथे राहिले. पाणी भरायची पाळी माझी होती आणि एकदा झोपून राहिले तेव्हा मला घरच्या मुलासारखाच मार बसला.

२०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उघडण्याचा निर्णय घेतला. निर्णय उत्तमच आहे. खोल्या, खाटा, शिष्यवृत्ती ही सर्व लागतातच. माझे म्हणणे एवढेच, की जिथे स्वयंपाकीण बाईला भाकरी मोजायला वेळ असेल इतक्याच मुली एका छपराखाली असाव्यात, आणि आलेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून काहीतरी काम सोपवावे. सवलत देऊन तिला बसवून ठेवू नये. बसून राहणे तिने वऱ्हांड्यात पुष्कळ केलेले असते.

मी अजूनही त्या वसतिगृहात जाते. लहान मुलींची इंग्रजी घेते. यंदा दिवाळीनंतर नववीतली एक मुलगी नवीन आली आहे. दाराजवळची खाट धरली आहे, पिशवी उशाला, तोंड बांधलेली. मी तिला गाव विचारले नाही. भिंतीवरच्या फळ्यावर पाळीची यादी असते, तिथे खडू देऊन तिलाच नाव लिहायला लावले. तिने बारीक अक्षरात, अगदी खाली, पुसता येईल असे लिहिले. मावशींनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाल्या, "मोठं लिही गं, मला दिसत नाही."