लोडरची टाकी आणि इंधनाचा हिशेब

पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळली, की प्रथम वाट पाहिली जाते ती लोडरची. पुढे माती उचलणारी बकेट आणि मागे खोदणारा हात असलेले हे यंत्र खेड्यापाड्यांत ‘जेसीबी’ या नावाने सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु यंत्र दारात उभे असले तरी त्याच्या टाकीत डिझेल नसेल, तर रुग्णवाहिका दरडीपलीकडे खोळंबूनच राहणार. म्हणून इंधनाचा हिशेब हा केवळ ठेकेदाराचा नव्हे, तर गावाच्याही हिताचा विषय आहे.

टाकी किती तास पुरेल?

टाकी १२० लिटरची असून यंत्राला तासाला ६ लिटर डिझेल लागते, असे समजू. टाकी २० तास पुरेल, असे उत्तर कोणीही देईल. परंतु ते व्यवहारात उपयोगी नाही. टाकी पूर्ण रिती झाल्यास इंधननळ्यांत हवा शिरते व ती काढल्याशिवाय इंजिन नीट सुरू होत नाही. यास्तव एक पंचमांश साठा राखून ९६ लिटर, म्हणजे १६ तासांचेच काम धरावे. खडकात खोदताना खप वाढतो, मोकळी माती भरताना तो कमी होतो. म्हणून प्रत्येक यंत्राचा खप त्याच्याच नोंदीवरून ठरवावा. टाकी भरून तासमापकाचा आकडा लिहावा. काम झाल्यावर पूर्वीच्याच खुणेपर्यंत पुन्हा भरावे आणि लागलेल्या लिटरना तासांनी भागावे. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य सोडवून घ्यावे.

उभ्या यंत्राचा खर्च

ट्रक येईपर्यंत इंजिन चालूच ठेवण्याची सवय महाग पडते. उभ्या इंजिनाला तासाला २ लिटर लागतात आणि असे रोज २ तास जातात, असे धरले, तरी २५ दिवसांत १०० लिटर डिझेल कोणतेही काम न होता जळून जाते. खोळंबा मोठा असेल, तर इंजिन बंद करणेच इष्ट होय.

पाण्यापासून जपणूक

अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली, की आतील दमट हवेतील बाष्पाचे पाणी होते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि पंप व नोझल यांना हानी पोहोचविते. यासाठी टाकी सकाळी न भरता सायंकाळी काम संपताच भरावी, मात्र काठोकाठ नव्हे; कारण १०० लिटर डिझेल १० अंशांनी तापले, तर सुमारे ८०० मिलिलिटरने वाढते. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी गाळणीखाली साचलेले पाणी काढून टाकावे. पिंपे आडोशाला आडवी ठेवावीत. उघड्यावर उभ्या पिंपाच्या माथ्यावर साचलेले पावसाचे पाणी झाकणातून आत ओढले जाते.

साठा आणि नोंद

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यान्वये डिझेल एका जागी २५०० लिटरपर्यंत परवान्याविना ठेवता येते; मात्र कोणतेही भांडे १००० लिटरपेक्षा मोठे असू नये. भरताना इंजिन बंद असावे आणि जवळपास विडी पेटवू नये.

ग्रामपंचायतीने यंत्र भाड्याने घेतल्यास डिझेल कोणाचे, हे आधीच लेखी ठरवावे. तास, लिटर आणि झालेले काम हे तीन रकाने रोज भरले, तर गळती आणि चोरी दोन्ही लपून राहत नाहीत. जनतेच्या पैशाचे असे रक्षण होईल आणि संकटाच्या रात्री यंत्रही सज्ज राहील.