आत्मकथनच का निवडते?

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. मराठीच्या निबंधात ती दरवेळी आत्मकथनच निवडते. कधी किल्ल्याचे, कधी शेतकऱ्याचे. तिला दुसरा प्रकार घ्यायला सांगू का?

उत्तर : मुळीच नको. कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एकच लिहायचे असते. हात बसलेला प्रकार सोडण्यात शहाणपण नाही. अडचण वेगळीच आहे. ‘मी एक पडका किल्ला बोलतोय’ अशी सुरुवात तपासनीसांसमोर गठ्ठ्याने येते, आणि गाईडमधला तो किल्ला कुठला, हे त्या गाईडलाही ठाऊक नसते!

तिला एकच किल्ला निवडू द्या. समजा, सिंधुदुर्ग. मालवणजवळच्या कुरटे बेटावर शिवरायांनी 1664 मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले. पायात शिसे ओतलेले, आणि चारी बाजूंनी खारे पाणी असूनही आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. एवढे हाताशी असले की किल्ल्याला बोलायला काहीतरी मिळते. शेतकऱ्याचेही तसेच. ‘बळीराजा’ लिहिण्याआधी तो कांदा पिकवतो की भात, हे तिने ठरवावे.

शेवटी ‘गड वाचवा’ छापाचा उपदेश आला, तर तेवढा मात्र खोडायला सांगा.