असू दे, लागेल कधीतरी

जुना मोबाइल विकायला असा कितीसा वेळ लागणार, अशी माझी समजूत होती. पैशाचे पैसे आणि वर पर्यावरणाचं पुण्य. प्रत्यक्षात या उद्योगात मोबाइलपेक्षा माझ्याच स्वभावाची ओळख जास्त झाली. त्यातून कळलेल्या या काही गोष्टी.

1. वस्तू जपून ठेवली की तिची किंमतही जपली जाते, हे मोबाइलला लागू नाही. माळ्यावरचा पितळी बंब कितीही वर्षांनी काढा, वजनावर जातो. मोबाइल मात्र ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या म्हातारा होतो. ‘असू दे, अडीनडीला लागेल’ म्हणून ठेवलेल्या एका फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. ती पेट घेऊ शकते. अडचणीसाठी ठेवलेली वस्तू स्वतःच अडचण होऊन बसली होती.

2. फोन कितीला घेतला होता, हे फक्त आपल्याला आठवतं. पुण्याच्या तापकीर गल्लीत एका पोरानं माझा फोन ट्यूबलाइटखाली तिरका धरला, काचेवरच्या चऱ्यावरून नख फिरवलं, चार्जिंगच्या भोकात फुंकर मारली आणि म्हणाला, “काका, डिस्प्ले गेलाय. बोर्डाचे पैसे देतो.” त्यात दोन माणसांची थाळीसुद्धा आली नसती. मी म्हटलं, “अरे, कॅमेरा अजून उत्तम आहे.” तो म्हणाला, “म्हणून तर एवढे देतोय.”

3. मोबाइलमध्ये सोनं असतं, पण एकट्यादुकट्या फोनानं कुणाचं भलं होत नाही. एका फोनात साधारण 34 मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही येणार नाही इतकं. ढीग जमला की मात्र त्याची खाण होते. टोकियो ऑलिंपिकसाठी जपानमध्ये 2017 ते 2019 या काळात लोकांनी 62 लाखांहून जास्त जुने मोबाइल आणि इतर उपकरणं दिली. त्यांतून 32 किलो सोनं निघालं आणि पदकं घडली. सुवर्णपदक बहुतांश चांदीचंच असतं, सोनं जेमतेम सहा ग्रॅम. तरी त्या सहा ग्रॅमला किमान पावणेदोनशे फोन लागतात. नीरज चोप्राच्या गळ्यातल्या पदकाचं सोनं असं कुणाकुणाच्या ड्रॉवरमधून आलेलं आहे, हे कळल्यावर माझ्या ड्रॉवरची मला जरा लाजच वाटली.

4. फोन द्यायला मन धजत नाही, ते पैशांमुळे नव्हे, आतल्या पसाऱ्यामुळे. आठवणी म्हणून उघडलेल्या फोटोंमध्ये निम्मी वीजबिलं आणि गुलाबाच्या फुलांवरचे ‘सुप्रभात’ निघाले. हवं ते उतरवून घेतलं, सिम आणि मेमरी कार्ड काढलं, गूगल खात्यातून बाहेर पडलो आणि मगच फॅक्टरी रीसेट केलं. हा क्रम एका भाच्यानं शिकवला. खातं तसंच राहिलं, तर रीसेटनंतरही फोन जुन्याच मालकाचा पासवर्ड मागत बसू शकतो.

5. दारात आलेला सौदा सगळ्यात गोड वाटतो. कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आता क्वचितच दिसते; तिच्या जागी दुचाकीवर भोंगा लावून ‘बंद मोबाइल द्या’ म्हणत पोरं फिरतात. बिचारी पोटासाठी फिरतात, यात शंका नाही. पण 2024 मध्ये तेलंगणात गावोगाव गोळा केलेले हजारो जुने फोन पोलिसांनी पकडले. सायबर गुन्ह्यांसाठी ते वापरले जाणार असल्याचा संशय होता. तेव्हापासून फोन देताना मी *#06# दाबून आयएमईआय लिहून घेतो आणि पावती मागतो. समोरचा हसतो. हसू दे.

6. घरातून गेला म्हणजे मार्गी लागला, असं नसतं. कितीतरी फोन अशा ठिकाणी पोचतात जिथे तांब्यासाठी वायरी जाळतात आणि सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. धूर आणि ॲसिड वाट्याला येतं ते उघड्या हातांनी काम करणाऱ्यांच्या. 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला पाव हिस्साही रीतसर रीसायकल झाल्याची नोंद नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनी रीतसर रीसायकलिंगची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे मेलेला फोन मी आता अधिकृत संकलन केंद्रातच देतो. तिथे पैसे किरकोळ मिळतात, कधी मिळतही नाहीत. ‘कॅश’ या कल्पनेवर पाणी सोडायला मला वेळ लागला, हे कबूल.

7. रीसायकलिंग हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच पडतो. म्हणजे चालता फोन आणखी दोन वर्षं चालवणं हेच खरं पुण्य. नवी बॅटरी टाकून जुना फोन बायकोच्या मावशींना दिला. त्या त्यावर कीर्तनं ऐकतात आणि आवाज माझ्यापेक्षा मोठा ठेवतात. मला हे सगळं पटलेलं आहे. तरीही दिवाळीत एक्स्चेंज ऑफरची जाहिरात आली की मी घरात सांगतो, “अगं, पर्यावरणासाठीच म्हणतोय.”