शेवटच्या महिन्यांतला दम आणि उडालेली झोप

हा पाठ तुमच्या घरच्यांनीही वाचावा असा आहे.

माझी मुलगी आता बालवाडीत जाते. ती पोटात होती तेव्हाची गोष्ट. आठवा महिना चालू होता. तिसरीच्या वर्गात कविता म्हणून दाखवत होते. चार ओळींचं कडवं, पण दुसऱ्या ओळीलाच श्वास संपला. टेबलाला धरून थांबले. पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही पळत आलाय का?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "दिवस भरत आले की होतंच असं." शेजारच्या काकूंचंही तेच, आईचंही फोनवर तेच. मग मीही मनाची तीच समजूत घातली.

त्या सगळ्या बहुतांशी बरोबर होत्या. पण पूर्ण बरोबर नव्हत्या.

दम का लागतो?

श्वसन शिकवताना आपण वर्गात एक प्रयोग करतो. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापायचा, आत फुगा लावायचा आणि खाली ताणलेलं रबर बांधायचं. रबर खाली ओढलं की फुगा फुगतो, सोडलं की बसतो. फुगा म्हणजे फुप्फुस आणि रबर म्हणजे श्वासपटल. आता याच बाटलीत रबराच्या खालून मूठ लावून बघा. रबर वर ढकललं जातं आणि फुग्याला जागा कमी पडते. शेवटच्या तीन महिन्यांत वाढलेलं गर्भाशय त्या मुठीसारखं काम करतं. श्वासपटल साधारण ४ सेंटिमीटर वर सरकतं.

पण शरीर काही बाटली नव्हे. बाटलीच्या भिंती हलत नाहीत, आपल्या बरगड्या मात्र बाहेरच्या बाजूला पसरतात आणि छातीचा घेर वाढतो. त्यामुळे ब्लाउज फक्त पोटालाच नाही, छातीलाही घट्ट होतो. शिवाय प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक मेंदूतल्या श्वसन केंद्राला सारखं सांगत असतं की श्वास खोल घे. मिनिटाला किती श्वास घेतो तो आकडा फारसा बदलत नाही, पण प्रत्येक श्वासात आत जाणारी हवा जवळजवळ एक तृतीयांशाने, म्हणजे तीस-चाळीस टक्क्यांनी वाढते. हे वाढलेलं काम आपल्याला 'दम लागतोय' असं जाणवतं. काहींना तर पोट दिसायच्याही आधी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच असं वाटतं, ते याच संप्रेरकामुळे.

तेव्हा आपल्याला दम लागतोय म्हणजे बाळ गुदमरतंय, ही भीती काढून टाका. या खोल श्वासांमुळे आईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी राहतो आणि बाळाकडचा तो वायू आईच्या रक्तात सहज येतो. दहापैकी सहा-सात जणींना गरोदरपणात केव्हा ना केव्हा असा दम जाणवतो. म्हणजे सासूबाई चुकल्या नव्हत्या.

मग चुकलं कुठे?

चूक माझी होती. उपकेंद्रातून मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या मी कपाटात ठेवून दिल्या होत्या. पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं, मळमळतं, ही कारणं. आशाताई विचारायच्या, "मॅडम, गोळ्या चालू आहेत ना?" आणि मी हो म्हणायचे. वर्गात 'खोटं बोलू नये' शिकवणारी बाई! ज्या दिवशी घ्यायचे, त्या दिवशी मधल्या सुट्टीत चहासोबत घ्यायचे. चहामुळे त्यातलं लोह नीट शोषलं जात नाही हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

दुसरी चूक अजून फसवी. करोनाच्या काळात घरात ऑक्सिमीटर आणला होता. दम लागला की बोटाला लावायचे. ९८ दिसायचं आणि मी निर्धास्त व्हायचे. हे मुद्दाम लक्षात ठेवा, कारण ते यंत्र अजून पुष्कळ घरांत आहे. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय एवढंच ते सांगतं. मुळात हिमोग्लोबिन किती आहे हे त्याला कळत नाही. समजा, गावातून शाळेला दहा जीप यायच्या, आता सहाच येतात, पण सहाही गच्च भरलेल्या. दारात उभा असलेला माणूस म्हणेल, "गाड्या तर भरून आल्या." मुलं मात्र कमीच पोचली. रक्त कमी असताना ९८ दिसतं ते असं. आकडा ९५ च्या खाली आला तर दवाखाना गाठायचाच, पण ९८ आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही.

पुढच्या तपासणीला माझं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, ७ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय. या दिवसांत रक्तातलं पाणी जास्त वाढतं आणि लाल पेशी त्या मानाने कमी वाढतात, म्हणून थोडं उतरणं साहजिक असतं. ८.४ हे थोडं नव्हतं. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर अशा बाईला तो सोसत नाही, डॉक्टरांनी मला सरळ असंच सांगितलं. त्या रात्री दम नसता लागला तरी झोप लागली नसती. हे माझ्या एकटीचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत रक्तक्षय आढळला होता. म्हणून 'होतंच असं' म्हणायच्या आधी एकदा रक्त तपासा. 

दिवस थोडे उरले होते म्हणून मला लोहाचं औषध शिरेतून दिलं. तुमच्यावर ती वेळ यायला नको. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस गोळी घ्यायची, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून ती दोन तास तरी लांब ठेवा. लिंबूपाणी किंवा आवळ्यासोबत चालते. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शौचाचा रंग काळा होणं हा लोहाचाच परिणाम आहे, त्याला घाबरू नका.

साधा दम आणि धोक्याचा दम

साधा दम हळूहळू वाढत आलेला असतो. जिना चढताना, फळ्यावर लिहिता लिहिता बोलताना लागतो आणि पाच-दहा मिनिटं बसलं की ओसरतो. धोक्याचा दम एकदम येतो, किंवा स्वस्थ बसूनही जात नाही. बसल्या जागी एक वाक्य सलग बोलता येत नसेल, आडवं पडलं की गुदमरत असेल, रात्री धाप लागून उठून बसावं लागत असेल, छातीत दुखत असेल, धडधड थांबत नसेल, खोकल्यातून रक्त येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट बघू नका. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल आणि त्यासोबत दम लागला, तर पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. चेहरा-हात सुजणं, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यापुढे अंधारी येणं ही रक्तदाब वाढल्याची खूण असते, आणि त्यातही फुप्फुसात पाणी होऊ शकतं. काही मुलींना लहानपणी सांधे सुजून ताप येऊन गेलेला असतो आणि हृदयाची झडप खराब झालेली असते. कुणाला पत्ताच नसतो. गरोदरपणात रक्त वाढून हृदयावर भार पडतो आणि तेव्हा ते पहिल्यांदा कळतं. लहानपणी असं काही झालं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. दमा असेल तर 'बाळाला बाधेल' म्हणून पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका. दम्याचा झटका बाळाला जास्त बाधतो.

गाडीची सोय नसेल तर १०८ आणि गरोदर मातांसाठी १०२, दोन्ही नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये क्रिकेटच्या टीममधली सगळी पोरं होती, हे दोन नंबर नव्हते! दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत असते, तिथे रक्तही तपासतात.

आता झोपेचं

रात्रीची गंमत अशी की दिवसभर दमलेलं शरीर आडवं पडलं की छातीत जळजळ सुरू होते. ती थांबते तोवर लघवीला जावं लागतं. परत येऊन डोळा लागतो तोच पोटरीत गोळा येतो. तो गेला की बाळाला खेळायची लहर येते.

सगळ्यात आधी, उताणं झोपू नका. मणक्याच्या उजव्या बाजूने शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर जाते. उताणं पडलं की गर्भाशयाचा भार तिच्यावर येतो, रक्त कमी परत येतं, चक्कर येते, घाम फुटतो आणि बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं. २८ आठवड्यांनंतर उताणं झोपी जाणाऱ्यांमध्ये बाळ पोटात दगावण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. म्हणून झोपायला जाताना कुशीवर पडा. डाव्या कुशीवर चांगलं, पण उजवी कूसही चालते, त्याचा ताण घेऊ नका. मध्येच जाग आली आणि उताण्या दिसलात, तर फक्त कुशीवर वळा. एक उशी गुडघ्यांच्या मध्ये, एक पोटाखाली आणि पाठीमागे गुंडाळलेली गोधडी. आमच्याकडे जास्तीच्या उशा नव्हत्या, जुन्या साड्यांच्या घड्या करून काम भागवलं.

आपल्याकडे असंही सांगतात की कूस बदलताना आधी उठून बस, नाहीतर नाळ बाळाच्या गळ्याला गुंडाळते. यात तथ्य नाही. नाळेचा वेढा बाळाच्या स्वतःच्या हालचालीने पडतो, आईच्या कूस बदलण्याने नाही. मी महिनाभर रात्री सात-आठ वेळा उठून बसत होते, आणि तेवढ्या वेळा झोप मोडत होते. अंथरुणातून उठताना मात्र आधी कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठा. हे आजी सांगायची ते खरंच सोयीचं आहे.

जळजळीसाठी रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास आणि थोडंच. डोक्यासोबत खांदेही उंच राहतील असं टेका. दमालाही याच टेकण्याने आराम पडतो. खायचा सोडा पिऊ नका. पाणी दिवसा भरपूर प्या, संध्याकाळनंतर कमी. गोळा आला की पाय सरळ ताणून बोटं स्वतःकडे ओढा. पाय रात्री सारखे हलवावेसे वाटत असतील तर त्यामागेही लोहाची कमतरता असू शकते, डॉक्टरांना सांगा. तळहात-तळपायांना पुरळ नसताना रात्री खाज सुटत असेल तर तेही सांगा, ते यकृताशी संबंधित असू शकतं. झोपेची गोळी मनाने घेऊ नका. दारं-खिडक्या लावून डासांची कॉईल जाळू नका, मच्छरदाणी लावा. आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर 'झोपलं असेल' म्हणून रात्र काढू नका.

आपण शिक्षिका सहा महिन्यांची रजा बाळासाठी राखून ठेवतो आणि अगदी शेवटपर्यंत वर्गावर उभ्या राहतो. मीही तेच केलं. निदान खुर्ची फळ्याजवळ ओढून घ्या, मोठं वाचन मुलांना करायला द्या आणि दुपारी डबा झाल्यावर वीस मिनिटं पाय वर घेऊन बसा. माझ्या मुख्याध्यापकांना हे सांगायला मला पंधरा दिवस लागले. त्यांनी एका मिनिटात हो म्हटलं.

पहिलटकरणीचं बाळ बाळंतपणाच्या दोन ते चार आठवडे आधी कटीभागात उतरतं. बायका म्हणतात, "पोट उतरलं." माझंही एका पहाटे उतरलं. उठले तर छाती मोकळी वाटत होती. स्वयंपाकघरात उभी राहून ती तिसरीची कविता मी एका दमात म्हणून बघितली, आणि शेवटच्या ओळीला बाथरूमकडे पळाले. खाली सरकलेलं बाळ आता मूत्राशयावर बसलं होतं.